घरगुती आगी रोखायच्या कामासाठी ग्रँटचा अर्ज लिहितोय, "परिणाम कसा मोजणार?" या रकान्यावर अडलोय

पाणीपार्टी

नमस्कार मंडळी. मी अग्निशमन दलात आहे, साहेब म्हणावं इतका वर नाही आणि नुसता होज धरून उभं राहावं इतका खालीही नाही, मधल्यामध्ये लटकलेला. परवा ड्यूटी संपवून निघत होतो तर चीफसाहेबांनी हाक मारली आणि तेरा पानांचा फॉर्म हातात ठेवला, म्हणाले तू जरा लिहिणारा दिसतोस, हे बघ. ग्रँट आहे. घरात लागणाऱ्या आगी आणि त्यात होरपळणारी माणसं कमी व्हावीत म्हणून लोकांच्या दारापर्यंत जायचं, त्याला पैसे मिळणारेत, पण अर्ज करणारी दलं भरपूर आणि पैसे थोडे. महिनाभरात द्यायचाय.

आता मी आयुष्यभर लॉगबुकात "घटनास्थळी पोचलो, दोन लाइन टाकल्या, आग आटोक्यात" एवढंच लिहिलेला माणूस. तरी बसलो. स्टेशनवर सगळ्यांना विचारून यादी केली. पाच हजार स्मोक अलार्म, म्हणजे धूर झाला की ओरडणारी छोटी डबी, कार्यक्रमांमधून वाटायचे, वीस हजार पत्रकं, शाळांमधून फिरवायला एक ट्रेलर ज्यात खोटा धूर सोडून मुलांना रांगत बाहेर पडायला शिकवतात, आणि एकाच्या हट्टापायी तो कुत्र्याचा मोठा ड्रेस ज्याच्या आत माणूस शिरतो. मुलांना आवडतो म्हणे. आत कोण शिरणार यावरून आधीच भांडणं सुरू आहेत.

सगळं बरं चाललं होतं आणि नवव्या पानावर प्रश्न आला, प्रकल्पामुळे नेमका काय बदल होईल आणि तो कसा मोजणार. मी लिहिलं "लोकांमध्ये जनजागृती होईल व आगीचे प्रमाण कमी होईल". बायकोने वाचलं आणि विचारलं, किती कमी? कधीपर्यंत? आणि ते तुमच्यामुळेच झालं हे कोणाला कसं कळणार? मी म्हटलं तू झोप. पण तेव्हापासून तो रकाना रिकामाच आहे.

कोणी असले अर्ज लिहिलेत का, किंवा तपासलेत का? आणि वाटायचे अलार्म पाच हजार बरे की अजून वाढवू, आकडा मोठा दिसला तर फरक पडतो का?

फाईलवाली

दादा, मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते, असे अर्ज वाचून मार्क देणं हे माझं बरीच वर्षं काम आहे, त्यामुळे खरं सांगते, मी अर्ज उघडला की पहिलं पान वाचत नाही, थेट तुम्ही अडलाय त्याच पानावर जाते. तिथे "जनजागृती होईल" दिसलं की पुढचं सगळं वाचायचा उत्साह निम्मा होतो. आणि हे वाक्य इतक्या अर्जांत असतं की आम्ही ऑफिसात त्याला ढकलवाक्य म्हणतो.

वहिनींनी विचारलेले तीन प्रश्न जसेच्या तसे वहीत लिहून घ्या, तोच तुमचा रकाना आहे.

मोठा आकडा दिसला तर फरक पडतो का, तर पडतो, उलटा पडतो. पाच हजार वाटणार म्हणता, पण ते लावणार कोण, शिडी कोणाकडे आहे, छताला भोक कोण पाडणार याचा एक शब्द नाही. आम्हाला कळतं की ही यादी दुकानाच्या कॅटलॉगवरून केलीये, कॉल रजिस्टरवरून नाही. तुमच्या यादीत चार वस्तू आहेत, त्यात घर कुठेच नाहीये बघा.

अमेरिकेत फेमाची, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन खात्याची, एक ग्रँट आहे नेमकी याच कामाची, फायर प्रिव्हेन्शन अँड सेफ्टी नावाची. तुम्ही जगात कुठेही असा, तिचा साचा बघून ठेवा कारण बाकीचे देणारेही साधारण तेच विचारतात. पैशांची गरज का आहे, धोका नक्की कोणाला आहे आणि ते तुम्हाला कशावरून कळलं, काम कोण कधी कसं करणार, मोजणार कसं, खर्चाच्या मानाने फायदा काय, आणि ग्रँट संपल्यावर हे चालू कसं राहणार. तिथे अर्जदाराला ग्रँटच्या ५ टक्के स्वतःचेही घालावे लागतात, म्हणजे फुकट मिळतंय म्हणून मागितलं असं होऊ नये. तुमच्या फॉर्ममध्ये स्वतःचा वाटा किती ते बघा, लोक हे शेवटच्या दिवशी वाचतात आणि मग चीफच्या केबिनबाहेर रांग लागते.

आणि एक, आधीपासून दलाच्या बजेटात असलेला खर्च ग्रँटमध्ये ढकलू नका. पगार आधीच मिळतोय तो परत मागितला की लगेच लाल खूण.

रिटायर्ड शिडी

मी एकतीस वर्षं बंबावर काढली. तुझी यादी वाचून एक घर आठवलं ते सांगतो.

रात्री अडीचचा कॉल, बेडरूममधली आग, गादीपासून सुरू झालेली. धुमसत धुमसत बराच वेळ गेला असणार. आजोबा गेले, आजी वाचल्या. आग विझल्यावर मी कपाटाचे खण उघडून बघत होतो कारण आत काही धुमसतंय का बघावं लागतं. तिसऱ्या खणात आमचाच अलार्म. खोक्यासकट. खोक्याचं प्लास्टिक न फाडलेलं, वर आमच्या दलाचा स्टिकर, आत स्क्रूची पुडी तशीच. वर्षभरापूर्वी आम्हीच मेळाव्यात वाटलेला, फोटो काढून. आमच्या अहवालात ते घर "लाभार्थी" म्हणून मोजलेलं होतं. आजोबांना पार्किन्सन होता, आजींना स्टुलावर चढता येत नव्हतं. कोण लावणार होतं तो?

त्यानंतर मी मेळाव्यात अलार्म वाटायला गेलो नाही. साहेब चिडले होते, चिडू दे.

तुला करायचंच असेल तर असं कर. दोन माणसं, एक ड्रिल, एक दुमडणारी शिडी, स्क्रू, पेन्सिल. घरात गेल्यावर अलार्म हातात द्यायचाच नाही, थेट छताला लावायचा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला काठीच्या टोकाने बटण दाबायला लावायचं. हे करून बघ, आवाज झाला की दचकतात आणि मग हसतात आणि मग इतकं बोलायला लागतात की निघता येत नाही. ते बोलणं ऐकायचं. त्यातच कळतं की रात्री हीटरवर कपडे वाळत घालतात, नातू दाराला आतून कुलूप लावून किल्ली उशीखाली ठेवतो, एकाच बोर्डवर सात प्लगा आहेत. पत्रकात हे कुठे छापणार?

आणि झोपताना खोलीचं दार बंद ठेवा एवढं सांगून यायचं. बंद दाराने धूर आणि धग किती वेळ अडतात हे ज्याने जळालेलं घर आतून पाहिलंय त्यालाच माहीत, दाराची एक बाजू कोळसा आणि दुसऱ्या बाजूचा रंगही गेलेला नाही असं मी स्वतः बघितलंय. फुकटचं काम आहे, ग्रँट नको काही नको.

पंप नंबर १

सगळं ठीक आहे पण मला एक कळत नाही, आमच्याकडे श्वसनयंत्रांचे सिलिंडर मुदत संपायला आलेत, पंप दम टाकतो, आणि आपण कुत्र्याचे ड्रेस मागतोय? पैसे येणारच असतील तर गाडी मागा. आपलं काम आग विझवणं आहे, लोकांच्या घरी जाऊन स्क्रू पिळणं नाही. उगाच समाजसेवा.

आकडेमोड

@पंप नंबर १ भाऊ, राग समजतो, पण एक हिशोब बघ. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेने दोन दिवाणखाने शेजारी शेजारी उभारून पेटवले होते, एकात जुन्या पद्धतीचं लाकडी कापसाचं फर्निचर आणि दुसऱ्यात आजचं फोम आणि सिंथेटिक कापडाचं. जुन्या खोलीचा भडका, म्हणजे अख्खी खोली एकदम पेटते तो फ्लॅशओव्हर, व्हायला २९ मिनिटांच्या वर लागली. नवीन खोली ४ मिनिटांच्या आत गेली. आता तुझी गाडी कितीही नवी असू दे, कोणीतरी जागं होऊन फोन करणार, कंट्रोल रूम कॉल घेणार, तुम्ही निघणार, रस्त्यात ट्रॅफिक, ४ मिनिटांत तू दारात पोचशील? त्या ४ मिनिटांत घरात जे आहे तेवढंच उपयोगाचं. पंप हवाच, त्याच्यासाठी वेगळी ग्रँट मागा, पण ही ती नाही.

आता मूळ प्रश्नावर येतो. मी सार्वजनिक आरोग्यात आकडे बघायचं काम करतो, आगी आमच्या विषयात "इजा" या कप्प्यात येतात. या विषयातली दोन उदाहरणं प्रत्येक अर्जदाराने वाचलीच पाहिजेत कारण दोन्हीकडे साधारण एकच काम केलं आणि निकाल उलटे आले.

पहिलं ओक्लाहोमा सिटी. तिथे आधी काही वर्षं नोंदी ठेवल्या की घरगुती आगीत कोण कुठे जखमी होतंय. शहराचा साधारण ६२ चौरस किलोमीटरचा एक भाग असा निघाला की तिथलं जखमींचं प्रमाण बाकी शहराच्या चौपटीच्या वर होतं. मग फक्त तिथेच घरोघर मोहीम काढून १०,१०० अलार्म दिले, आणि पुढे काही घरांत परत जाऊन ते चालू आहेत का तपासलं. चार वर्षांत तिथलं प्रमाण लाखामागे १५.३ वरून ३.१ वर आलं, म्हणजे ८० टक्के घट, आणि बाकी शहरात ते किंचित वाढलं. १९९६ ला हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं आणि सगळीकडे अलार्म वाटायची लाट आली.

दुसरं लंडन. कॅम्डेन आणि इझलिंग्टन या भागांतले ४० वॉर्ड घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एका गटात २०,०५० अलार्म फुकट वाटले आणि दुसऱ्यात काहीच नाही. निकाल २००२ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, जखमींमध्ये काहीही फरक नाही. का नाही, तर नंतर नमुन्यादाखल घरं तपासली तेव्हा चालू अलार्म असलेली घरं एका गटात १६ टक्के आणि दुसऱ्यात १७ टक्के. वीस हजार अलार्म गेले आणि छतावर फरक शून्य! रिटायर्ड काकांच्या तिसऱ्या खणाची गोष्ट आहे ना, तीच, फक्त वीस हजार वेळा.

इथे एक गोम आहे ती पण सांगतो. ओक्लाहोमाचे ८० टक्के अर्जात लिहून "आम्हीही ८० टक्के घट करू" असं म्हणू नका. तो आधीचा-नंतरचा अभ्यास होता, चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता, आणि सगळ्यात वाईट भाग निवडून घेतला की पुढच्या काही वर्षांत आकडा थोडाफार आपोआपही खाली येतो. लंडनचा अभ्यास जास्त कडक होता. वाचणाऱ्यांत माझ्यासारखा एखादा बसला असेल तर तो लगेच पकडेल.

मग मोजायचं काय? मृत्यू मोजायचं वचन देऊ नका. तुमच्या हद्दीत वर्षाला समजा तीन-चार जण घरगुती आगीत जात असतील, पुढच्या वर्षी एक गेला तर ते तुमच्या कामाने की नशिबाने हे कोणी सांगू शकत नाही, आणि सहा गेले तर तुमचा प्रकल्प फसला असंही नाही. एवढ्या लहान आकड्यांत नुसती हालचाल असते. त्यापेक्षा असं लिहा:

"पहिल्या भेटीत प्रत्येक घरात चालू अलार्म होता का याची नोंद करू. सहा महिन्यांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांत परत जाऊन बटण दाबून बघू. किती वाजले तो आमचा आकडा."

बास. "किती वाटले" हे काम झाल्याचा पुरावा, "सहा महिन्यांनी किती वाजले" हा बदलाचा पुरावा. बहुतेक अर्ज पहिल्यावर थांबतात.

वरच्या मजल्यावरची

मी फायरवाली नाही, साधी घरात राहणारी बाई आहे, पण मला बोलायचंय कारण आमच्याकडे पण असे अलार्म लावून गेले होते आणि मी स्वतः त्याची बॅटरी काढून ठेवलेली आहे. हो. काढलीये. स्वयंपाकघराच्या दाराच्या अगदी डोक्यावर लावला, तेल जरा तापलं की केकाटायचा, बाळ दचकून उठायचं, रोज. वर्षभराने मग रात्री तीनला दर मिनिटाला टुक् टुक् सुरू झालं, कुठून येतंय कळेना, नवऱ्याने फ्रिज हलवून बघितला, शेवटी तो निघाला. बॅटरी काढली, शांत झोपलो. लावून गेलेल्यांपैकी परत कोणी फिरकलं नाही, कोणाला फोन करायचा तेही सांगितलं नव्हतं.

आणि दुसरं, युनिफॉर्ममधली दोन माणसं दुपारी दारात उभी राहिली की बाई दार उघडत नाही. मीही नाही उघडणार. भाड्याने राहणारे तर अजिबात नाही, त्यांना वाटतं काहीतरी चूक काढतील आणि घरमालकाला कळवतील.

रिटायर्ड शिडी

ताई तुमचं शंभर टक्के बरोबर. चूक लावणाऱ्याची. स्वयंपाकघरापासून लांब लावायचा, झोपायच्या खोलीत आणि त्या खोल्यांच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये, आणि प्रत्येक मजल्यावर एक. तो टुक् टुक् म्हणजे बॅटरी संपत आलीये एवढंच सांगत असतो पण सांगायची रीत वाईट आहे हे मान्य.

खरेदी करणाऱ्यांनी पण लक्ष द्यावं, अलार्म दोन जातीचे असतात. आयनायझेशनवाला भडकलेली आग लवकर पकडतो पण तेलाच्या वाफेवर उगाच ओरडतो. फोटोइलेक्ट्रिकवाला धुमसणारी आग लवकर पकडतो, गादी, सोफा वगैरे, आणि स्वयंपाकावर कमी चिडतो. मी असतो तर दुसरा घेतला असता, आणि दहा वर्षांची सीलबंद बॅटरीवाला, म्हणजे काढायला बॅटरीच नाही. अलार्मचं आयुष्य पण दहाच वर्षं धरतात, मागे तारीख छापलेली असते, संपली की अख्खा बदलायचा. अर्जात "अलार्म" असं मोघम लिहू नकोस, कुठला ते लिही, नाहीतर खरेदी विभाग सगळ्यात स्वस्त घेऊन येईल आणि मग या ताईंसारखी अजून पाच हजार घरं.

आकडेमोड

त्यात एक भर. म्हाताऱ्या माणसांना वरच्या पट्टीचा आवाज आधी ऐकू येईनासा होतो, आणि नेहमीचा अलार्म नेमका त्याच पट्टीत असतो, साधारण ३,१०० हर्ट्झ. ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला आवाज कमी ऐकू येणाऱ्यांना जास्त चांगला जागं करतो हे प्रयोगांत दिसलंय. महाग असतात ते. पण तुमच्या रजिस्टरात एकटे राहणारे वयस्क जास्त निघाले तर काही टक्के असे मागा, आणि का मागताय ते एका ओळीत लिहा. आपल्या माणसांचा विचार करून मागितलंय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

फाईलवाली

वरच्या मजल्यावरच्या ताईंची पोस्ट अर्ज लिहिण्यापूर्वीच्या अभ्यासात मोडते. कार्यक्रम सुरू करण्याआधी ज्यांच्यासाठी करतोय त्यांना विचारून घेणं, हे केलं असेल तर अर्जात लिहा, दहा-पंधरा घरांत जाऊन बोललात तरी चालेल.

दाराचा प्रश्न मोठा आहे आणि अर्जांत तो नसतोच. ज्यांचं काम चाललं ते बहुतेक असं करतात की आधी ओळखीचं कोणीतरी बरोबर घेतात, आरोग्यसेविका, महिला गट, शाळेतल्या बाई, सोसायटीचे सेक्रेटरी, जो त्या भागात चालतो तो. आधी चिठ्ठी टाकून दिवस आणि वेळ सांगायची, ती पण घरातलं कोणीतरी कामावरून परत आल्यावरची. आणि स्पष्ट लिहून द्यायचं की ही तपासणी नाही, दंड नाही, नोंद फक्त अलार्मची होते. छताला भोक पाडायचं असेल तर घरमालकाची सही लागेल, तो कागदही अर्जाला जोडा, जोडलेला दिसला की आम्हाला वाटतं या माणसाने खरंच विचार केलाय.

आणि या लोकांना त्यांच्या वेळेचे पैसे धरा बजेटात. फुकटात राबवून घेणारे प्रकल्प सहा महिन्यांत बसतात.

पाणीपार्टी

मंडळी, दोन रात्री झोप नाही पण फायदा झाला. काल नाइट ड्यूटीला कॉल कमी होते तर मी आणि आमचा एक नवीन पोरगा मागच्या पाच वर्षांची कॉल रजिस्टरं घेऊन बसलो, भिंतीवरच्या नकाशावर प्रत्येक घरगुती आगीची टाचणी मारली, जखमी असेल तिथे लाल. मला वाटलं होतं जुन्या दाटीच्या वस्तीत जास्त निघतील. तिथे आगी होत्या पण लाल कमी, माणसं इतकी जवळजवळ राहतात की कोणीतरी ओरडतं आणि सगळे बाहेर. लाल टाचण्या निघाल्या स्टेशनच्या मागच्याच बाजूला, तीन गल्ल्यांत, जिथे मुलं बाहेरगावी गेलेली आणि म्हातारी जोडपी किंवा एकटी माणसं राहतात. आमच्या दारात! तिथे आम्ही कधी कार्यक्रम केलेलाच नाही कारण तिथे शाळा नाही, मैदान नाही, गर्दी जमत नाही.

आग कशी लागली या रकान्यात मात्र गंमत आहे, निम्म्या नोंदींत "शॉर्टसर्किट" लिहिलंय. माझ्याच हस्ताक्षरात पण आहेत त्यातल्या. खरं सांगायचं तर कारण सापडलं नाही की आपण शॉर्टसर्किट लिहून मोकळं होतो. आता अर्जात हे काय लिहू?

बाकी असं ठरवलंय की पाच हजार नाही, बाराशे अलार्म, सगळे आम्ही लावणार, दोन वर्षांत. पत्रकं पाचशे, फक्त आधी टाकायची चिठ्ठी म्हणून. ट्रेलर काढला. कुत्रा काढला, यावरून स्टेशनवर दोघं माझ्याशी बोलत नाहीयेत.

पंप नंबर १

कुत्रा काढला हे उत्तम. नकाशाचा फोटो काढून अर्जाला लाव, टाचण्यांसकट. आणि शॉर्टसर्किटचं आमच्याकडे पण तेच आहे, कोणाला सांगू नको.

आकडेमोड

सांग की. उलट जसं आहे तसं लिही, "आगीचं कारण या रकान्यातल्या नोंदी भरवशाच्या नाहीत म्हणून आम्ही त्यावर काही बेतलेलं नाही, जागा आणि जखमींचं वय या नोंदी पक्क्या आहेत त्यावर बेतलंय, आणि प्रकल्पाच्या काळात कारणांची नोंद सुधारू". कारण नक्की नसेल तर "अनिश्चित" लिहायचं, हा रकाना पुढच्या माणसाला कामाला येतो. स्वतःच्या नोंदीतलं भोक स्वतः दाखवणाऱ्या अर्जावर माझा तरी विश्वास जास्त बसतो.

बाराशेतली सहा महिन्यांनी किती घरं तपासणार तेही आत्ताच लिहून टाक, दोनशेच्या आसपास चिठ्ठ्या टाकून काढलीस तर बरा अंदाज येतो. फक्त ती घरं लावून आलेल्या टीमने निवडायची नाहीत आणि तपासायलाही त्यांनी जायचं नाही. आपण लावलेला अलार्म वाजला नाही असं लिहायला हात जड होतो, माणूस आहे.

फाईलवाली

आणि बंद सापडलेल्या अलार्मांचं काय करणार ते लिहा. तिथल्या तिथे बदलणार, जागा हलवणार, की नुसती नोंद? दुसऱ्या फेरीला थोडे जास्तीचे अलार्म आणि स्क्रू धरा. ग्रँट संपल्यावर काय, याचं उत्तरही त्यातच आहे. सीलबंद बॅटरी घेतली तर दहा वर्षं बॅटरीचा खर्च नाही, आणि वर्षातून एकदा त्या तीन गल्ल्यांत फेरी मारणं हे दलाच्या नेहमीच्या ड्यूटीत घालतो असं चीफच्या सहीचं पत्र जोडा. तुमचा स्वतःचा वाटा म्हणूनही ते तास दाखवता येतात का ते फॉर्मच्या अटींत बघा, काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी रोखच लागते.

वरच्या मजल्यावरची

फोन नंबर द्या हो अलार्मवरच चिकटवून. टुक् टुक् झालं की कोणाला सांगायचं तो. मोठ्या अक्षरात. आणि ज्या नंबरवर खरंच कोणी उचलेल असा.

पाणीपार्टी

ताई, घातलं. स्टेशनचा थेट नंबर, आणि उचलला की त्या आठवड्यात कोणीतरी जाणार असं लिहिलंय, साहेब म्हणाले वेळेचं बंधन कशाला घालून घेतोस, मी म्हटलं मोजायला तेही बरं, किती फोन आले आणि किती दिवसांत गेलो.

नवव्या पानावर आता असं आहे: बाराशे घरं, प्रत्येकात पहिल्या भेटीत काय होतं त्याची नोंद, सहा महिन्यांनी दोनशे घरांत दुसऱ्या टीमकडून बटण दाबून तपासणी, शंभरातले किमान ऐंशी वाजले पाहिजेत, कमी वाजले तर का ते शोधून उरलेल्या घरांत दुरुस्ती. बायकोने वाचलं. म्हणाली ऐंशी कुठून आणलेस? मी म्हटलं अंदाज. म्हणाली मग अंदाज आहे असं लिही. लिहिलं.

एकच राहिलंय, रिटायर्ड काका, बजेटात शिडी किती फुटी धरू? जिने अरुंद आहेत तिथले.

रिटायर्ड शिडी

सहा फुटी, घडीची, रबरी पायांची. आणि दोन घे, एक नेमकी बंबावर अडकलेली असते.